तोंडावरून वारे गेले, तर सुया केव्हा?

वाचकहो, आपल्या मराठीत काही आजारांना जी नावे पडली आहेत, त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण साठलेले असते. अर्धे अंग लुळे पडले की आपण म्हणतो, 'अंगावरून वारे गेले.' रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी चूळ भरू लागतो, पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून ओघळते, आरशात पाहावे तर तोंड एका बाजूला ओढलेले आणि दुसऱ्या बाजूचा डोळा मिटत नाही. मग घरातील वडीलधारे म्हणतात, 'तोंडावरून वारे गेले.' आयुर्वेदाने या विकाराला 'अर्दित' म्हटले आणि वातव्याधींत बसवले. चीनच्या प्राचीन वैद्यकानेही दोष वाऱ्यालाच दिला. दोन दूरच्या देशांना एकच संशय यावा, यात नवल नाही. हा आजार वाऱ्याच्या झोतासारखाच न सांगता येतो.

तालुक्याच्या गावी मी सत्तावीस वर्षे प्रॅक्टिस करते. वर्षाकाठी असे दोनतीन रुग्ण माझ्याकडे येतात. पूर्वी त्यांचा पहिला प्रश्न असे, 'डॉक्टर, पंख्याखाली झोपल्यामुळे झालं का?' अलीकडे त्याच्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो, 'सुया टोचून घेतल्या तर लवकर बरं वाटेल का?' ॲक्युपंक्चरचे नाव आता खेड्यापाड्यांतही पोहोचले आहे. या प्रश्नाला 'सगळे थोतांड आहे' हे उत्तर देणे सोपे आहे, आणि 'घ्या की, काय बिघडते' हे त्याहूनही सोपे. दोन्ही उत्तरांनी रुग्णाचे नुकसान होऊ शकते. हाच प्रश्न माझ्या घरातूनही मला विचारला गेला, तेव्हा त्याचे नेमके उत्तर मांडणे मला भाग पडले. ते आज आपल्यापुढे ठेवते.

आधी आजार समजून घेऊ. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी सातवी जोडी चेहऱ्याची आहे. कपाळाला आठ्या पाडणे, डोळा मिटणे, हसणे, ओठ आवळणे ही सारी कामे तिची. हा मज्जातंतू कानामागील हाडातल्या एका अरुंद, वळणावळणाच्या बोगद्यातून बाहेर येतो. काही कारणाने त्याला सूज आली, तर भोवतीची भिंत हाडाची असल्यामुळे त्याला फुगायला जागा नसते. तो आवळला जातो, आणि त्या बाजूचा चेहरा एक-दोन दिवसांत निश्चल होतो. तापानंतर ओठांवर पुळ्या आणणारा हर्पीसचा विषाणू शरीरात दडून बसलेला असतो. तो पुन्हा जागा झाल्याने ही सूज येत असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये या मज्जातंतूविषयी लिहिले, म्हणून या विकाराला 'बेल्स पाल्सी' म्हणतात. दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण १५ ते ३० जणांना तो होतो. मधुमेही व्यक्तींत त्याचे प्रमाण अधिक आढळते.

मात्र वाकडे झालेले प्रत्येक तोंड 'बेल्स पाल्सी'चे नसते, आणि उतारवयात तर ही गोष्ट कधीच विसरू नये. मेंदूतील रक्तवाहिनी बंद झाली किंवा फुटली तरी तोंड वाकडे होते. डॉक्टर अशा वेळी रुग्णाला कपाळावर आठ्या पाडायला सांगतात. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते, म्हणून मेंदूच्या झटक्यात सहसा कपाळ सुटते आणि केवळ तोंडाचा भाग लुळा पडतो. 'बेल्स पाल्सी'त त्या बाजूचे कपाळही गुळगुळीत होते. ही खूण मी आपल्याला ज्ञानासाठी सांगते, निदानासाठी नव्हे. घरच्यांनी कपाळ पाहून 'हे साधेच दिसते' असे ठरवून दुपारपर्यंत थांबू नये. रक्ताच्या गुठळीमुळे झटका आला असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून तोंड अचानक वाकडे झाले, की वेळ लिहून ठेवावी, १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने, मेंदूचा स्कॅन करण्याची सोय असलेले रुग्णालय गाठावे. हातापायांत अशक्तपणा, जीभ जड होणे, तोल जाणे, तीव्र डोकेदुखी यांपैकी काही असेल तर क्षणाचाही विलंब नको.

आता घरातील प्रसंग सांगते. माझे थोरले बंधू निवृत्त मुख्याध्यापक आहेत, वय अडुसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा. गावातील विठ्ठलमंदिरात संध्याकाळी हरिपाठ त्यांच्याच आवाजात सुरू होतो. गेल्या वर्षी थंडीत एका सकाळी वहिनींचा फोन आला. "अगं, ह्यांचं तोंड वाकडं झालंय. आणि हे म्हणतात, संध्याकाळपर्यंत बघू." मी त्यांना काहीही खायला-प्यायला न देता तत्काळ शहरातील रुग्णालयात आणायला सांगितले आणि स्वतः तिकडे निघाले. दादाच्या डाव्या कपाळावर एकही आठी पडत नव्हती, डावा डोळा मिटत नव्हता. हातपाय उत्तम होते. दोन दिवसांपासून कानामागे ठणका होता, तो त्याने कुणाला सांगितला नव्हता. वय आणि मधुमेह लक्षात घेऊन तेथील डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅनही करून घेतला. तो निर्दोष निघाला. कानात पुटकुळ्या नाहीत, हेही त्यांनी पाहिले. कारण कानातल्या नागिणीमुळेही चेहरा असाच लुळा पडतो, तो अधिक चिवट असतो आणि त्याला विषाणूविरोधी औषध द्यावे लागते. 'बेल्स पाल्सी'चे निदान झाले आणि त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या.

दादा घरी आला आणि गोळ्या कोनाड्यात ठेवून बसला. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्याने मला समोर बसवले. चेहऱ्याच्या आजारात ओठ जुळत नाहीत, त्यामुळे प, फ, ब, भ, म ही अक्षरे निसटतात. तो म्हणाला, "अगं, पांडुरंग म्हणायला गेलो तर 'प'च सापडत नाही. मंदिरातले एकजण सांगत होते, त्यांच्या व्याह्यांचं तोंड नुसत्या सुयांनी बरं झालं. ह्या गोळ्यांनी साखर वाढते, हे तूच सांगतेस ना सगळ्यांना? मग मी सुयाच घेतो."

वाचकहो, त्याची भीती अनाठायी नव्हती. स्टेरॉइडने साखर वाढतेच. पण त्या क्षणी त्याच्या उजव्या-डाव्या चेहऱ्याचे पुढील भवितव्य कोनाड्यातील त्या पाकिटावर बरेचसे अवलंबून होते, आणि तास सरत होते. मी त्याला म्हणाले, "दादा, सुया घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण गोळीला मुदत आहे, सुईला नाही. आधी गोळी घे, डोळा सांभाळ. मग सुयांसाठी मी स्वतः तुझ्याबरोबर येते." माझ्या सांगण्याचे सारे सार या वाक्यांत आहे. आता त्यामागची कारणे पाहू.

गोळीची मुदत ७२ तासांची. स्कॉटलंडमधील डॉक्टरांनी पाचशेहून अधिक रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहरा लुळा पडल्यापासून ७२ तासांच्या आत काहींना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दहा दिवस दिले, काहींना दिले नाही. तीन महिन्यांनी स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी शेकडा ८३ पूर्ण बरे झाले होते, न घेतलेल्यांपैकी ६४. नऊ महिन्यांनी हे आकडे ९४ आणि ८२ झाले. मज्जातंतूची सूज लवकर उतरली तर तो चिरडण्यापासून वाचतो, म्हणून सुरुवातीच्या तीन दिवसांना इतके मोल आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, पोटातील व्रण, काचबिंदू असलेल्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मधुमेह आहे म्हणून स्टेरॉइड वर्ज्य ठरतेच असे नाही, साखरेवर पहारा मात्र वाढवावा लागतो. वहिनींनी दादाची साखर दिवसातून चार वेळा तपासून वहीत मांडली, मधुमेहाच्या औषधाची मात्रा आम्ही त्यानुसार वाढवली, आणि गोळ्या संपल्यावर ती पुन्हा उतरवली. हे सारे डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने सुरूही करू नये आणि मध्येच सोडूही नये.

डोळ्याला तर तासांचीही मुदत नसते. पापणी मिटत नाही, त्यामुळे बुबुळ कोरडे पडते, धुळीचा कण घासला तर जखम होते, जखम चिघळली तर दृष्टी अधू होते. चेहरा थोडा वाकडा राहिला तरी माणूस संसार करतो, गेलेली दृष्टी मात्र परत आणणे कठीण. डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसा वारंवार घालावेत. रात्री झोपताना डोळ्याचे मलम घालून, पापणी बोटाने हळुवार मिटवून, वरून कागदी चिकटपट्टी आडवी लावावी. पट्टीखाली पापणी उघडी राहिली तर पट्टीच बुबुळाला घासते, म्हणून लावल्यावर एकदा निरखून पाहावे. बाहेर पडताना चष्मा घालावा. डोळा लाल झाला, दुखू लागला, अंधुक दिसू लागले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. गेल्या इतक्या वर्षांत मी पाहिले आहे की, तोंड सरळ कधी होणार या काळजीत सारे घर बुडालेले असते आणि डोळ्याकडे कुणाचेच लक्ष नसते.

या दोन गोष्टी मार्गी लागल्या, की सुयांचा विचार निवांतपणे करता येतो. ॲक्युपंक्चर ही चीनची दोन हजार वर्षांहून जुनी उपचारपद्धती आहे. २०१० मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. भारतात ती आली त्या वाटेवर एक मराठी पाऊलखूणही आहे. १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजॉयकुमार बसू होते. डॉ. कोटणीस तेथेच रुग्णसेवा करता करता १९४२ मध्ये निवर्तले. डॉ. बसू परतले, आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले. कोलकात्यात त्यांनी या उपचाराची सुरुवात केली आणि तेथून तो देशभर पसरला.

या सुया इंजेक्शनच्या सुयांसारख्या पोकळ नसतात. त्या केसासारख्या बारीक आणि भरीव असतात, त्यांतून कोणतेही औषध शरीरात जात नाही. चेहऱ्याच्या पक्षाघातात भुवईच्या वर, कानापुढे, जबड्याच्या कोनाशी आणि ओठांच्या कोपऱ्याजवळ त्या टोचतात. हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील 'हेगू' नावाचा बिंदूही जवळजवळ नेहमी घेतला जातो. सुया साधारण वीस ते तीस मिनिटे ठेवतात. चिनी शास्त्र म्हणते, शरीरातील प्राणशक्तीचा अडलेला प्रवाह त्यामुळे मोकळा होतो. आधुनिक वैद्यकाच्या भाषेत सांगायचे तर सुईने स्नायू आणि त्यांतील मज्जातंतूंची टोके उत्तेजित होतात आणि तेथील रक्तप्रवाह वाढतो. सुई टोचून किंचित फिरवली की तेथे जड, बधिर, ठणकल्यासारखे वाटते. या जाणिवेला चिनी वैद्य 'दे-ची' म्हणतात आणि ती आली म्हणजे सुई योग्य ठिकाणी बसली, असे मानतात.

याचा गुण येतो का? २०१० मध्ये तज्ज्ञांनी या विषयावरील सहा चाचण्या, एकूण ५३७ रुग्णांच्या, एकत्र तपासल्या. चाचण्यांची रचनाच इतकी सदोष होती की त्यांवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही, असे त्यांनी नोंदवले. २०१३ मध्ये चीनमधील अकरा रुग्णालयांत झालेला अधिक नेटका अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३३८ रुग्णांचे दोन गट केले. एका गटात सुया टोचून 'दे-ची' येईपर्यंत फिरवल्या, दुसऱ्यात नुसत्या टोचून ठेवल्या. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचे चेहरे अधिक चांगले सुधारलेले आढळले. ही बातमी आशादायक आहे. पण दोन्ही गटांना स्टेरॉइड दिलेले होते, ही गोष्ट बातमी सांगणारे सहसा गाळतात. आणि सुया मुळीच न घेतलेला तिसरा गट त्यात नव्हता. म्हणजे सुया फिरवलेल्या बऱ्या की न फिरवलेल्या, एवढेच त्यातून कळते. त्याच वर्षी अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने मार्गदर्शिका काढली. स्टेरॉइड ७२ तासांच्या आत द्यावे, असे तिने ठामपणे सांगितले. ॲक्युपंक्चरविषयी मात्र 'घ्या' किंवा 'घेऊ नका' यांपैकी कोणतीच शिफारस केली नाही.

मग मंदिरातल्या त्या गृहस्थांचे व्याही सुयांनी बरे झाले, ते खोटे का? मुळीच नाही. डेन्मार्कमधील पीटर्सन या डॉक्टरांनी कोपनहेगनमध्ये 'बेल्स पाल्सी'च्या सुमारे १७०० रुग्णांचा, कोणतेही औषध न देता, आजार आपल्या गतीने कसा सरतो याचा अनेक वर्षे मागोवा घेतला. शंभरातील ८५ जणांच्या चेहऱ्यात तीन आठवड्यांच्या आत हालचाल परतू लागली आणि ७१ जण पूर्ण बरे झाले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. शंभर रुग्णांना आपण मंतरलेला दोरा बांधला, जायफळ उगाळून लावले किंवा काहीच केले नाही, तरी सत्तर जण बरे होणार, आणि प्रत्येकजण शेवटी जो उपचार करत होता त्यालाच दुवा देणार. निसर्ग काम करतो आणि पावती दुसऱ्याच्या नावाने फाटते. हा न्याय मला माझ्या गोळीलाही लावला पाहिजे. स्कॉटलंडच्या अभ्यासात ९४ जण बरे झाले, त्यांतील ८२ जण गोळीविनाही बरे होणारच होते. माझ्या गोळीचे खरे श्रेय शंभरातील बारा जणांपुरते. मात्र त्या बारांत आपण असू की नाही, हे आधी कळत नाही, म्हणून गोळी सर्वांनी वेळेत घ्यायची. दोन्ही पाहण्यांतील रुग्ण आणि मोजण्याची रीत वेगळी, त्यामुळे ७१ आणि ८२ हे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, याने गोंधळू नये.

दादाच्या गोळ्या पूर्ण झाल्यावर ठरल्याप्रमाणे मी त्याला घेऊन गेले. नोंदणी असलेल्या एका ॲक्युपंक्चरतज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी आधी रुग्णालयाची कागदपत्रे मागितली. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पेसमेकर बसवला आहे का, साखर किती आहे, हे विचारले. दादाला आडवे निजवले, आमच्यासमोर बंद पाकीट फोडून सुया काढल्या आणि वापरून झाल्यावर त्या आमच्यासमोरच टाकाऊ डब्यात टाकल्या. चार आठवड्यांत बारा बैठका झाल्या. दुसऱ्या आठवड्यात एकदा घरी परतताना दादा म्हणाला, "सगळेजण माझ्याशी बोलताना आता खाली बघतात. नातू जवळ येत नाही. ही बाई मात्र अर्धा तास माझ्या तोंडाकडे बघत असते."

माझ्या दवाखान्यात एका रुग्णाच्या वाट्याला जेमतेम सातआठ मिनिटे येतात. वाकड्या झालेल्या चेहऱ्याला कुणीतरी न कचरता हात लावणे, आज इथे थोडे हलते का, उद्या तिथे हलेल का, असे रोज शोधणे, यात उपचाराचा काही अंश असतो, हे मी त्या खोलीत बसून पाहिले. त्यासाठी सुयाच हव्यात असे नाही. घरातील कुणीही हे करू शकते.

आजार सुरू झाल्यापासून तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दादाचा गाल किंचित थरथरला. दोन महिन्यांनी 'प' ओठांवर आला. "मग गोळीनं बरं झालं की सुयांनी?" वहिनींनी विचारले. दादा टोपी घालत म्हणाला, "ते श्रेय तुम्ही आपसांत वाटून घ्या. मला हरिपाठाला उशीर होतोय."

आपल्यापैकी कुणाला सुया घ्यायच्या असतील, तर काही पथ्ये सांगते. निदान पक्के झाल्यावरच आणि आपल्या डॉक्टरांना सांगूनच घ्याव्यात. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा उपचारकाची नोंदणी विचारण्यात संकोच नको. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्याच असाव्यात. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आधी सांगावे. पेसमेकर असेल तर सुयांना विजेचा प्रवाह जोडू देऊ नये. उपाशीपोटी जाऊ नये, बैठकीनंतर चटकन उठू नये, कारण वृद्धांना घेरी येऊ शकते. थोडे रक्त येणे, काळेनिळे पडणे हे किरकोळ त्रास आहेत. टोचल्या जागी लाली, सूज, पू दिसला तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. आणि जो उपचारक 'आधी त्या गोळ्या बंद करा' म्हणेल किंवा अमुक बैठकांत हमखास गुण येईल अशी हमी देईल, त्याच्या पायऱ्या पुन्हा चढू नयेत. बैठकांसाठी कर्ज काढावे, औषधपाण्याचे पैसे तिकडे वळवावेत, एवढे या उपचाराचे सिद्ध झालेले सामर्थ्य नाही. परवडत असेल, प्रवासाचा त्रास नसेल आणि मनाला उभारी येत असेल, तर जोड म्हणून जरूर घ्यावा.

शुश्रूषा करणाऱ्यांना आणखी थोडे. लुळ्या बाजूच्या गालात घास साचून राहतो, म्हणून जेवणानंतर चूळ भरायला लावावी आणि गालाच्या आत काही राहिले नाही ना, ते पाहावे. मऊ भात, खिचडी, घट्ट वरण असे अन्न छोट्या घासांनी, चांगल्या बाजूने चावायला सांगावे. आरशासमोर बसवून भुवई उचलणे, हलकेच डोळा मिटणे, ओठांचा चंबू करणे असे सौम्य व्यायाम दिवसातून दोनतीन वेळा, फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने करून घ्यावेत. जोर लावून फुगे फुगवायला लावू नयेत. मज्जातंतू पुन्हा वाढताना त्याच्या तारा चुकीच्या जोडल्या जाऊ शकतात आणि मग हसताना डोळा मिटतो, घास चावताना डोळ्यातून पाणी येते. त्यामुळे आडदांड कसरतीपेक्षा हळुवार सराव बरा. आणि बोलताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहूनच बोलावे. अक्षर निसटले तर वाक्य आपण पूर्ण करू नये, थांबावे.

तीन आठवड्यांत काहीच हालचाल दिसली नाही तर पुन्हा डॉक्टरांना भेटावे. तीन महिन्यांनंतरही चेहरा पूर्ववत झाला नसेल, लुळेपणा हळूहळू वाढतच असेल किंवा दुसरी बाजूही जाऊ लागली असेल, तर मज्जातंतूतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुसरे कारण शोधून घेणे अत्यावश्यक आहे. तेव्हा 'आणखी दहा बैठका घेऊन पाहू' असे म्हणत बसू नये.

आपल्या घरातील औषधांच्या डब्याच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवून ठेवावी, अशी माझी आपल्याला विनंती आहे. तोंड वाकडे झाले तर वेळ लिहा, लगेच रुग्णालय, गोळी तीन दिवसांच्या आत, डोळा पहिल्या तासापासून. सुयांचा विचार त्यानंतर, सवडीने.